ऑनलाइन पदवीला प्रवेश घेताय? पैसे भरण्याआधी मान्यता अशी तपासा

नंदुरबार : बारावीचा निकाल लागला की जिल्ह्यात 'घरबसल्या डिग्री', 'नोकरी सांभाळून पदवी', 'एका वर्षात बीए' अशा जाहिराती सुरू होतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज येतात, बसस्थानकाजवळ पत्रके वाटली जातात, एखादा ओळखीचा माणूस घरी येऊन 'सीट बुक करून टाकू' म्हणतो. यातले काही कोर्स खरे आणि चांगले असतात. काहींची पदवी मात्र नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत टिकत नाही.

घाटाखाली उतरून रोज कॉलेजला जाणे ज्यांना शक्य नाही, ज्यांचे घर दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातमध्ये जाते, ज्या मुलींचे लग्न लवकर झाले, जे पोलीस, अंगणवाडी, ग्रामपंचायत किंवा खासगी नोकरीत आहेत, त्यांच्यासाठी दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण ही मोठी सोय आहे. म्हणूनच फसलो तर नुकसानही मोठे. फी जाते, तीन वर्षे जातात आणि भरतीचे वय निघून जाते. घरातला पहिला पदवीधर असेल तर धाकट्या भावंडांचे शिक्षणही 'काय उपयोग' म्हणून थांबते.

या लेखात सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे. मान्यता ही फक्त विद्यापीठाच्या नावाला नसते. ती कोणत्या कोर्सला, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या सत्रासाठी आहे, हे पाहावे लागते. ते तपासायला मोबाइलवर अर्धा तास लागतो आणि एक रुपयाही लागत नाही.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

जाहिरातीत सगळ्यालाच 'ऑनलाइन' म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

*दूरशिक्षण किंवा मुक्त शिक्षण* : पुस्तके मिळतात, जवळच्या अभ्यासकेंद्रावर ठरावीक दिवशी संपर्कसत्रे होतात, स्वाध्याय लिहून द्यायचे असतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेले 'मुक्त विद्यापीठ' ते हेच.

*ऑनलाइन पदवी* : शिकवणे, नोट्स, चाचण्या सगळे इंटरनेटवर. परीक्षा कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली किंवा ठरवून दिलेल्या केंद्रावर संगणकावर. यासाठी विद्यापीठाला वेगळी मंजुरी लागते. दूरशिक्षणाची मंजुरी आहे म्हणून ऑनलाइनची आहे, असे होत नाही.

*ऑनलाइन सर्टिफिकेट* : काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे कोर्स. कौशल्यासाठी चांगले, पण ही पदवी नव्हे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या मंचावर २०१७ पासून असे अनेक कोर्स मोफत शिकता येतात, फक्त परीक्षेला फी असते. तुमचे विद्यापीठ मान्य करत असेल तर त्यांचे क्रेडिट पदवीत धरले जाते. पण नुसत्या स्वयम् च्या प्रमाणपत्रावर 'पदवीधर' म्हणून अर्ज करता येत नाही.

या तिन्हींपैकी आपल्याला कोणती गोष्ट विकली जातेय, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर गोलमोल आले तर तिथेच थांबा.

पदवी देण्याचा अधिकार कोणाला?

विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा कायदा १९५६ चा आहे. त्याच्या कलम २२ नुसार पदवी फक्त तीनच प्रकारच्या संस्था देऊ शकतात : केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. सरकारी भरतीच्या जाहिरातीत 'सांविधिक विद्यापीठाची पदवी' असे लिहिलेले असते, त्याचा संबंध इथे येतो.

क्लास, अकॅडमी, ट्रस्ट, 'कौन्सिल', 'स्वायत्त मंडळ', 'इन्स्टिट्यूट' यांपैकी कोणीही आपल्या नावाने पदवी देऊ शकत नाही. ते फार तर विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र असू शकतात, आणि तेही विद्यापीठाच्या यादीत नाव असेल तरच.

आयएसओ प्रमाणपत्र, एमएसएमई नोंदणी, ट्रस्टची नोंदणी, नीती आयोगाच्या पोर्टलवरची नोंद, हे सगळे कागद दाखवून 'आम्ही सरकारमान्य आहोत' असे सांगितले जाते. यातला एकही कागद पदवी देण्याचा अधिकार देत नाही. किराणा दुकानाचीही एमएसएमई नोंदणी होते.

यूजीसी आपल्या संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांची राज्यवार यादी देते. महाराष्ट्रातील नागपूरच्या 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी'चे नाव वर्षानुवर्षे या यादीत राहिले आहे. नावात 'युनिव्हर्सिटी' असले म्हणजे ते विद्यापीठ असतेच असे नाही, हे यावरून कळावे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अधिकार नसताना पदवी देणाऱ्याला १९५६ च्या या कायद्यात दंड आहे तो जास्तीत जास्त एक हजार रुपये. म्हणजे नंतर त्याला शिक्षा होईल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. सावधगिरी आधीच घ्यायची.

विद्यापीठ खरे असले तरी एवढ्यावर थांबू नका

बरेच पालक इथपर्यंत तपासतात. 'विद्यापीठ तर यूजीसीच्या यादीत आहे ना' म्हणतात आणि पैसे भरतात. गडबड पुढे होते.

दूरशिक्षण आणि ऑनलाइन कोर्सचे सध्याचे नियम यूजीसीने सप्टेंबर २०२० मध्ये काढले. त्यांचे काम यूजीसीचा दूरशिक्षण विभाग पाहतो, त्याला डीईबी म्हणतात. वर्षाला दोन सत्रे असतात, जुलै आणि जानेवारी. कोणते विद्यापीठ, कोणता कोर्स, दूरशिक्षणाने की ऑनलाइन, याची मान्यता डीईबीच्या संकेतस्थळावर सत्रानुसार दिलेली असते. एखाद्या विद्यापीठाला बीए आणि बीकॉमची मंजुरी असेल आणि एमसीएची नसेल, असे होऊ शकते. गेल्या वर्षी होती आणि यंदा नाही, असेही होऊ शकते.

याची दोन उदाहरणे सर्वांना माहीत असायला हवीत.

पहिले मुंबई विद्यापीठाचे. तिथला पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग १९७१ चा, पुढे तो 'आयडॉल' या नावाने राज्यभर ओळखला गेला. एवढी जुनी आणि खरी संस्था, पण २०१८ मध्ये यूजीसीने दूरशिक्षणाची मान्यता यादी काढली तेव्हा पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. विद्यार्थी धास्तावले. नंतर त्याच वर्षी मान्यता मिळाली आणि प्रवेश झाले. विद्यापीठ नामांकित आहे म्हणून त्या सत्राची मान्यता गृहीत धरू नये, एवढाच याचा धडा.

दुसरे उदाहरण जास्त कडू आहे. देशातल्या काही अभिमत विद्यापीठांनी तांत्रिक शिक्षण परिषदेची मंजुरी न घेता दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना परिषदेची परीक्षा द्यायला सांगितले गेले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. नोकरीला लागून, बढती घेऊन दहा-बारा वर्षे झालेल्या लोकांवर ही वेळ आली. विद्यापीठे बोगस नव्हती. त्या पद्धतीने तो कोर्स चालवायचा अधिकार त्यांना नव्हता.

हे कोर्स घरबसल्या होतच नाहीत

खालील विषयांच्या पदव्या दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देण्यास यूजीसीची बंदी आहे :

• इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर
• वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी
• कायदा, म्हणजे एलएलबी
• कृषी, फलोत्पादन
• हॉटेल मॅनेजमेंट, विमान देखभाल
• एमफिल आणि पीएचडी

२०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषण या विषयांचीही त्यात भर पडली.

आपल्या जिल्ह्यात नर्सिंगकडे मुलींचा ओढा आहे. म्हणून हे ठळकपणे सांगायला हवे : घरबसल्या नर्सिंग नाही, घरबसल्या फार्मसी नाही. परिषदेच्या नोंदणीशिवाय या क्षेत्रात काम करता येत नाही, आणि मान्य कॉलेजात प्रत्यक्ष शिकल्याशिवाय नोंदणी होत नाही. 'फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो' असे कोणी म्हणाले तर ते शिक्षण नाही.

बीएडचेही नीट समजून घ्या. दूरशिक्षणाचे बीएड प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे. त्याला शिक्षक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची वेगळी मान्यता लागते. नुसते बीए होऊन घरी बसून बीएड करून देतो, ही जाहिरात खरी नसते.

आणि शेवटचे : बारावीनंतर एका वर्षात पदवी देणारा कोणताही कायदेशीर मार्ग नाही. 'मागच्या तारखेची डिग्री' किंवा 'सिंगल सिटिंग' म्हणून जे विकले जाते ते बनावट कागद आहेत. तसा कागद नोकरीसाठी जोडला तर विकणाऱ्याबरोबर वापरणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो.

मोबाइलवर तपासायचे सहा टप्पे

१. ब्राउझरमध्ये डीईबी डॉट यूजीसी डॉट एसी डॉट इन हे संकेतस्थळ स्वतः टाइप करा. एजंटने पाठवलेली लिंक उघडू नका. दिसायला सारखी बनावट पाने तयार करता येतात.

२. ज्या वर्षाच्या, ज्या सत्राला प्रवेश घेताय ती यादी उघडा. जुलै आणि जानेवारी यांच्यात गल्लत करू नका.

३. दूरशिक्षणाची यादी वेगळी, ऑनलाइनची वेगळी. आपल्याला ज्या पद्धतीने शिकायचे आहे तीच पाहा.

४. विद्यापीठाचे पूर्ण नाव आणि गाव जुळवा. सारख्या नावाची विद्यापीठे असतात, एखाद्या अक्षराचा फरक असतो.

५. त्या नावापुढे आपल्या कोर्सचे नाव आहे का पाहा. 'बीए' आहे म्हणजे त्यात आपला विषयही आहे, असे धरू नका.

६. शेवटी विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन माहितीपुस्तिका, फी, अभ्यासकेंद्रांची यादी आणि मान्यतेचे पत्र पाहा. पत्रावरचे वर्ष वाचा. पाहिलेल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

आणखी एक खूण आहे. २०२४ पासून दूरशिक्षण किंवा ऑनलाइन कोर्सला प्रवेश घेताना विद्यार्थ्याला स्वतःचा 'डीईबी आयडी' काढावा लागतो. त्यासाठी आधी एबीसी आयडी लागतो, तो डिजिलॉकरवर निघतो. दोन्ही मोफत आहेत. जिथे प्रवेश देताना डीईबी आयडी मागतच नाहीत किंवा 'त्याची गरज नाही' म्हणतात, तिथे काहीतरी चुकते आहे. आणि हे आयडी काढताना ओटीपी आपल्याच मोबाइलवर आला पाहिजे. एजंटचा नंबर टाकू देऊ नका, पुढची सगळी सूत्रे त्याच्या हातात जातात.

इंटरनेट जमत नसेल तर जवळच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना किंवा आश्रमशाळेतल्या शिक्षकांना शेजारी बसवून तपासा. सीएससी सेंटरवरही होईल. पण स्क्रीनवरचे नाव आपल्या डोळ्यांनी वाचा.

नंदुरबारला कोणते पर्याय जवळचे?

*यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक.* राज्य सरकारच्या कायद्याने १९८९ मध्ये स्थापन झाले. मराठीत पुस्तके, मराठीत परीक्षा आणि आपल्याच भागात अभ्यासकेंद्रे, ही याची जमेची बाजू. उत्तर महाराष्ट्राचे काम नाशिक विभागीय केंद्रातून चालते. ज्यांना बीए, बीकॉम करून स्पर्धा परीक्षेला बसायचे आहे, त्यांनी पहिल्यांदा हेच पाहावे. अभ्यासकेंद्र निवडताना माहितीपुस्तिकेतला केंद्राचा सांकेतिक क्रमांक जुळवा. प्रवेश झाला की मिळणारा कायम नोंदणी क्रमांक जपून ठेवा, पुढे प्रत्येक कामाला तोच लागतो.

*इग्नू, दिल्ली.* संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय मुक्त विद्यापीठ, देशभर चालते. अभ्यास मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीतून. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. स्वाध्याय वेळेत जमा केले नाहीत तर परीक्षा देऊनही निकाल अडकतो, इथे बरेच जण अडकतात. तीन वर्षांचे बीए सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, त्यामुळे स्थलांतर करणाऱ्यांना आणि नोकरदारांना हे सोयीचे पडते.

*राज्यातील पारंपरिक विद्यापीठांचे दूरशिक्षण विभाग.* मुंबईसारख्या विद्यापीठांचे असे विभाग आहेत. मान्यता, विषय आणि परीक्षा केंद्र तेवढे आधी पाहा. परीक्षेला मुंबईला जावे लागणार असेल तर भाडे आणि राहण्याचा खर्च फीमध्ये धरा.

*ऑनलाइन पदव्या.* काही सरकारी, अभिमत आणि खासगी विद्यापीठांना त्याची मंजुरी आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची पदवी २०२० पासून सुरू आहे. पण ती इंग्रजीतून आहे, गणिताचा पाया पक्का लागतो आणि परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यावी लागते. दर्जा चांगला, तयारी असेल त्यानेच जावे.

सीमेवरच्या गावांनी हे वाचाच

आपल्या जिल्ह्याला गुजरात आणि मध्य प्रदेश लागून आहेत. नवापूरचे रेल्वे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये. त्यामुळे पलीकडच्या विद्यापीठांच्या जाहिरातीही इकडे येतात.

नियम असा : दूरशिक्षणाला हद्द आहे, ऑनलाइनला नाही. राज्याचे विद्यापीठ दूरशिक्षण आपल्या राज्यापुरतेच चालवू शकते. अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ गुजरातचे, भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ मध्य प्रदेशचे. दोन्ही खरी विद्यापीठे आहेत, पण त्यांच्या नावाने शहादा किंवा अक्कलकुव्यात कोणी 'सेंटर' उघडले असेल तर ते नियमात बसत नाही. परराज्यातल्या खासगी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचेही तेच.

फ्रँचायझी पद्धतीवरही बंदी आहे. म्हणजे एखाद्या क्लासने किंवा कंपनीने विद्यापीठाचे नाव घेऊन स्वतःच प्रवेश द्यायचा, फी घ्यायची, परीक्षा घ्यायची, हे चालत नाही. जानेवारी २०२२ मध्ये यूजीसीने शैक्षणिक कंपन्यांच्या अशा जाहिरातींबद्दल विद्यार्थ्यांना जाहीर सूचना देऊन सावध केले होते. कंपनीचे अॅप वापरून शिकवले तर हरकत नाही, पण प्रवेश, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाचीच हवी.

मान्यता जुळली, आता आपल्याला झेपेल का ते पाहा

मान्यता आहे म्हणजे कोर्स आपल्यासाठी योग्य आहेच असे नाही. अर्ध्यात सोडलेली खरी पदवीही कामाची नसते. चार प्रश्न घरात बसून सोडवा.

*नेटवर्क.* धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या अनेक पाड्यांवर व्हिडिओ चालेल इतके नेटवर्क नसते. ऑनलाइन पदवीत हजेरी आणि सहभाग मोजला जातो. लेक्चर डाउनलोड करून ठेवता येते का, की ठरल्या वेळी लाइव्हच बसावे लागते, हे विचारा. बाजाराच्या दिवशी खाली येऊन आठवड्याचे डाउनलोड करणे जमत असेल तर ठीक. नाहीतर पुस्तकांचे दूरशिक्षण बरे.

*परीक्षेची वेळ आणि जागा.* पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की धडगावचा रस्ता बंद होतो. दिवाळीनंतर घरे कामाला बाहेर पडतात, ती होळीला परततात. परीक्षा या काळात येते का, केंद्र कुठे, बदलून मिळते का, हे प्रवेशाआधी पाहा. बार्डोली-सुरतकडे असणाऱ्यांनी तिकडचे परीक्षा केंद्र मिळते का तेही विचारून घ्यावे.

*भाषा.* ज्यांची घरची बोली भिली, पावरी, मावची आहे, त्यांनी मराठीही शाळेतच शिकलेली असते. त्यावर एकदम इंग्रजीतला कोर्स घेतला तर पहिल्याच वर्षी धाप लागते. नमुन्यासाठी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे एक पुस्तक उघडा आणि दहा पाने वाचून पाहा. समजत असेल तरच पुढे.

*पुढचे काम.* ज्या नोकरीसाठी पदवी हवी तिची जुनी जाहिरात काढून पात्रतेचा रकाना वाचा. नुसती पदवी चालते, विशिष्ट विषय लागतो की एखादी नोंदणी लागते, हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते.

एक शंका बऱ्याच जणांना असते : मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीपेक्षा कमी धरतात का? मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. एप्रिल २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरशिक्षणाची अशा दोन पदव्या एकाच वेळी करायलाही परवानगी आहे.

बारावी राहिली असेल तर

'बारावीची गरज नाही, थेट पदवी' असे सांगणाऱ्यांपासून लांब राहा. बारावी आधी रीतसर पूर्ण करणे हाच सुरक्षित मार्ग. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस हाही मान्य मार्ग आहे. कोणत्या तरी अनोळखी 'बोर्डा'ची बारावी घेऊन त्यावर खरी पदवी केली, तर पडताळणीत पाया कच्चा निघतो आणि वरची पदवीही अडचणीत येते.

फी, पावती आणि शिष्यवृत्ती

फी विद्यापीठाच्या पोर्टलवर किंवा विद्यापीठाच्या नावाच्या खात्यातच भरा. पावती विद्यापीठाच्या नावाची हवी. कुणाच्या वैयक्तिक फोनपेवर पैसे गेले तर तो तुमचा आणि त्याचा व्यवहार ठरतो, विद्यापीठाशी त्याचा संबंध दाखवता येत नाही. मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका. झेरॉक्सवर 'फक्त प्रवेशासाठी' असे लिहून सही करा. तीन वर्षांची फी एकदम भरू नका, वर्षाची किंवा सत्राची भरा. प्रवेश रद्द केला तर किती परत मिळते ते माहितीपुस्तिकेत आधी वाचा.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पत्राद्वारे शिक्षण घेणाऱ्यांचाही विचार केलेला आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. पण तिथे आपले विद्यापीठ, केंद्र आणि कोर्स यादीत दिसले पाहिजेत. म्हणून प्रवेशाआधी पोर्टलवर पाहा किंवा नंदुरबार आणि तळोदा इथल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करा. 'स्कॉलरशिपमध्ये सगळे अॅडजस्ट होईल, तुम्ही फक्त सही करा' असे म्हणणाऱ्याच्या कागदावर सही करू नका.

फसवणूक झाली तर

• पैसे ऑनलाइन गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.
• पत्रक, चॅट, पावती, फोनचे रेकॉर्डिंग काहीही डिलीट करू नका.
• स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. तक्रारीची पोच घ्या.
• कोर्स किंवा विद्यापीठाबद्दलची तक्रार यूजीसीच्या 'ई-समाधान' पोर्टलवर करता येते.
• एकट्याने लाजून गप्प बसू नका. एकाच सेंटरवर गावातले आणखी कोणी असतील तर सगळ्यांनी मिळून तक्रार द्या.

प्रवेशाच्या दिवशी सोबत ठेवायची यादी

हे कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येकासमोर 'हो' लिहिता आले तरच पैसे भरा.

१. डीईबीच्या यादीत विद्यापीठ, कोर्स, पद्धत आणि सत्र हे चारही सापडले.
२. कोर्स बंदी असलेल्या विषयांत नाही.
३. अभ्यासकेंद्र विद्यापीठाच्या स्वतःच्या यादीत आहे आणि हद्दीत बसते.
४. डीईबी आयडी माझ्याच मोबाइलवर निघाला.
५. परीक्षा कुठे, कधी, कोणत्या भाषेत हे लेखी माहीत आहे.
६. फीची पावती विद्यापीठाच्या नावाची मिळणार आहे.
७. ज्या नोकरीसाठी शिकतोय तिच्या जाहिरातीत ही पदवी चालते.

'आज शेवटची तारीख आहे, उद्या सीट जाईल' असे कोणी घाई करत असेल तर शेवटची तारीखही विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच पाहा. मुदतवाढ झाली असेल तर ती तिथेच जाहीर होते. आणि जुलै चुकला तरी काही विद्यापीठे काही कोर्सना जानेवारीतही प्रवेश देतात. सहा महिने थांबणे परवडते, तीन वर्षे वाया घालवणे परवडत नाही.